स्टॉपरची नोकरी

१७ मार्च २०१९. अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात इंडियन सुपर लीगची (आयएसएल) अंतिम लढत जादा वेळेत रेंगाळली होती. नव्वद मिनिटं गोलशून्य, पुढची सत्तावीसही जवळपास तशीच चाललेली. ११७ व्या मिनिटाला कॉर्नर आला, गर्दीतून एक डोकं वर आलं आणि बेंगळुरूने गोव्याला १-० असं हरवलं. गोल राहुल भेकेचा. मुलगा मुंबईचा आणि बॅकला खेळणारा. त्याआधीच्या ११६ मिनिटांत त्याने किती चेंडू अडवले, हे त्या रात्री घरी परतणाऱ्या प्रेक्षकाला विचारलं असतं तर उत्तर मिळालं नसतं. बचावपटूचं नाव लोकांना दोनदाच आठवतं, गोल केला तेव्हा आणि गोल खाल्ला तेव्हा.

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यातल्या एखाद्या मुलाने घरी सांगितलं की मला फुटबॉलमध्ये डिफेंडर व्हायचंय आणि त्यावरच पोट भरायचंय, तर घरच्यांनी काय म्हणावं? या प्रश्नाला मुंबईत साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे आणि दर पिढीत उत्तर बदलत गेलं आहे. आज त्यावर तीन-चार वेगवेगळी मतं ऐकू येतात. ती कुठून आली आणि कुठे अडली आहेत, ते एकदा सलग पाहायला हवं.

कंपनीची जर्सी

मुंबईत फुटबॉल आणला गोऱ्या पलटणींनी. रोव्हर्स कप १८९१ मध्ये सुरू झाला, तेव्हा तो त्यांच्यातच खेळला जाई. पुढे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आली, कूपरेजचं मैदान आलं, हारवूड लीग रुजली. हिवाळ्यात मैदानं क्रिकेटची, म्हणून फुटबॉल पावसाळ्यात. आझाद मैदान, क्रॉस मैदान, कूपरेज, सगळीकडे चिखल. त्या चिखलात फॉरवर्डचे पाय अडकत आणि बॅकचं फावत असे, असं जुने लोक अजून सांगतात. त्यातलं अर्धं खरं असावं, कारण ओल्या मैदानात वळताना घसरणारा बॅकही मी पुष्कळदा पाहिला आहे.

स्वातंत्र्यानंतर मुंबईचा फुटबॉल म्हणजे ऑफिसांचा फुटबॉल झाला. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ओर्के, महिंद्र, एअर इंडिया, मध्य आणि पश्चिम रेल्वे, पोर्ट ट्रस्ट, बँका. मुलगा चांगला खेळतो हे दिसलं की नोकरी लागायची. सकाळी हजेरीपटावर सही, दुपारनंतर सरावाला सुटका, आणि महिनाअखेर इतर कारकुनांसारखाच पगार. धोबीतलावाच्या गोवेकरांच्या कुडांत (वसतिगृहांत) उतरलेली मुलं याच वाटेने टाटांपर्यंत पोचली. मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये १९५६ साली ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा याच मुंबईचा आणि टाटांच्याच संघातला.

बॅकच्या जागेवरची सगळ्यात बोलकी कारकीर्द मात्र ओ. चंद्रशेखरन यांची. मूळ गाव केरळातलं इरिंजालकुडा. १९५८ मध्ये ते मुंबईत कॅल्टेक्सकडे आले आणि १९६६ पर्यंत तिथेच खेळले. १९६० च्या रोम ऑलिम्पिकच्या संघात ते होते. १९६२ मध्ये जकार्ताला आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या संघात ते राइट बॅक होते. त्याच स्पर्धेत पंजाबचा स्टॉपर, म्हणजे मधला बॅक, जर्नेलसिंग डोक्याला टाके पडलेले असताना फॉरवर्डला खेळला आणि अंतिम सामन्यात त्याने गोल केला, ही गोष्ट अजून सांगितली जाते. चंद्रशेखरन यांच्याविषयी अशी कुठलीच दंतकथा नाही. ते उजवीकडची बाजू सांभाळत राहिले. १९६३-६४ मध्ये त्यांच्या कप्तानीखाली महाराष्ट्राने संतोष ट्रॉफी जिंकली. पुढे ते स्टेट बँकेकडे गेले, आणि २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं.

तेलकंपनी, मग बँक. चंद्रशेखरन फुटबॉलर होते आणि नोकरदारही, आणि या दोन गोष्टींत त्यांना निवड करावी लागली नाही. ऑफिस-संघांची बाजू घेणारे आजही याच मुद्द्यावर बोट ठेवतात. बॅकचा गुडघा पस्तिशीच्या आधी बोलायला लागतो. तो बोलला तरी घरी पगार येत राहिला पाहिजे. दुसरी बाजू म्हणते, की याच सुखाने खेळ मागे राहिला. सकाळचे चार तास खुर्चीत घालवून संध्याकाळी दीड तास पळणारा माणूस दिवसभर सराव करणाऱ्या कोरियन किंवा इराणी संघांपुढे कसा टिकणार? १९६२ नंतर आशियाई सुवर्ण पुन्हा आलं नाही, हे त्यांचं उत्तर.

संघ बंद पडत गेले तेव्हा

१८ जानेवारी १९८२ ला गिरणीसंप सुरू झाला आणि परळ-लालबागचा खेळ कसा बदलला, यावर बरंच लिहून झालं आहे. त्यातलं बहुतेक कबड्डीवर, आणि ते बरोबरच. गिरणगावात प्रत्येक गल्लीला कबड्डीचं मंडळ होतं, फुटबॉलचं नव्हतं. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींनी फुटबॉलला जसं घरात घेतलं, तसं लालबागच्या व्यायामशाळांनी कधी घेतलं नाही. गिरण्यांचा फुटबॉल हा मफतलाल किंवा ओर्केसारख्या मालकांच्या हौसेचा संघ होता, कामगारांच्या वस्तीतून वर आलेला नव्हे. त्यामुळे मुंबई फुटबॉलच्या उताराचं सगळं खापर संपावर फोडणं मला पटत नाही.

नव्वदीनंतर बँकांची, रेल्वेची, सरकारी कंपन्यांची भरती आटली, आणि फुटबॉलला त्याचा चटका संपापेक्षा अधिक बसला. रोव्हर्स कप शतक ओलांडून २००० च्या आसपास बंद पडला. २०१३ मध्ये आय-लीग या तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगसाठी परवान्याच्या अटी आल्या आणि एअर इंडिया नि ओएनजीसी एका झटक्यात बाहेर गेले. परवान्याची भाषा क्लबची होती, आणि हे संघ क्लब नव्हतेच, खाती होती.

करार

१९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली आणि 'प्रोफेशनल' हा शब्द मुंबईत रुळला. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची लीग जिंकली. प्रशिक्षक डेरिक परेरा. हा माणूस स्वतः साळगावकरचा आणि भारताचा स्टॉपर. त्या संघाला नियमित पाहणाऱ्यांना त्याची बचावफळी फॉरवर्डांइतकीच आठवते. पण २०१० मध्ये कंपनीने संघच गुंडाळला. देशाची लीग जिंकून चार-पाच वर्षंही झाली नव्हती.

मग मुंबई एफसी. २००७ मध्ये सुरू झालेला हा क्लब २०१७ मध्ये संपला. त्यातली सात वर्षं खालिद जमील प्रशिक्षक होते आणि क्लबची ओळख एकच होती, सहज गोल खायचा नाही. दर वर्षी खाली घसरण्याच्या धाकात असलेला हा संघ दर वर्षी वाचला. जमील गेल्यावरच्या पहिल्याच हंगामात घसरला आणि मालकांनी दुकान बंद केलं. स्टॉपर घडवण्याची शाळा म्हणून या क्लबकडे कुणी पाहिलं नाही, पण ती होती. मलप्पुरमचा अनस एडाथोडिका २००७ ते २०११ इथे खेळला, मग पुण्याला गेला. भारताची जर्सी त्याला २०१७ मध्ये, तिशीत मिळाली. २०१९ च्या आशियाई करंडकात बहारीनविरुद्ध पहिल्या काही मिनिटांतच तो जखमी होऊन बाहेर आला. भारत तो सामना शेवटच्या क्षणी पेनल्टीवर हरला आणि अनसने आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी तो परतला, पण भारताकडून खेळायला मिळालं ते पुरती तीन वर्षंही नाही. पुढे केरळात त्याने क्रीडा कोट्यातून सरकारी नोकरी मागितली, तेव्हा तो नियमांत बसत नाही असं उत्तर आलं.

चंद्रशेखरन आणि अनस यांच्या कारकिर्दी शेजारी ठेवल्या की वादाचं मूळ हाताला लागतं. दोघे केरळचे, दोघांनी मुंबईत बॅकला खेळून नाव मिळवलं. पहिल्याला नोकरी खेळाबरोबरच मिळाली. दुसऱ्याला ती खेळ आटोपताना मागावी लागली. पण अनसने खेळातून जे कमावलं ते त्या काळच्या ऑफिस-खेळाडूच्या स्वप्नातही नव्हतं, हेही तितकंच खरं, आणि कराराची बाजू मांडणारे ते आवर्जून सांगतात.

राहुल भेकेही मुंबई एफसीमधूनच पुढे गेला. २०१४ मध्ये आयएसएल आली तेव्हा ती जेमतेम तीन महिन्यांची होती, म्हणून खेळाडू वर्षातून दोन मालकांकडे खेळत. भेके आय-लीगला ईस्ट बंगालचा, आयएसएलला एकदा केरळ ब्लास्टर्सचा तर एकदा पुणे सिटीचा. कधी राइट बॅक, कधी स्टॉपर, प्रशिक्षक सांगेल तिथे. २०१७ मध्ये बेंगळुरूने त्याला घेतलं तेव्हा कुठे पाय स्थिरावले. २०२१ ते २०२४ तो मुंबई सिटी या आयएसएल क्लबकडे होता. ११ एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाला २-१ ने हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगचा सामना जिंकणारा मुंबई सिटी हा पहिला भारतीय क्लब ठरला. दुसरा गोल भेकेचा, पुन्हा डोक्यानेच. ४ मे २०२४ ला कोलकात्यात आयएसएलच्या अंतिम लढतीत मोहन बागानला ३-१ ने हरवल्यावर कप उचलणारा कप्तानही तोच. गिरगाव-दादरच्या मुलांना दाखवायला आज याहून चांगलं उदाहरण नाही, पण तसं जमलेला हा जवळपास एकटाच आहे.

जागा आहे का?

या वादाचा दुसरा पदर परदेशी खेळाडूंचा. आयएसएलच्या पहिल्या तीन वर्षांत मैदानावर सहा परदेशी असत. २०१७ मध्ये ही मर्यादा पाचावर आली, २०२१ मध्ये चारावर. क्लब हे परदेशी कुठे वापरतात? गोल करायला एक, मधल्या फळीत एक-दोन, आणि स्टॉपरला एक. मुंबई सिटीकडे सेनेगलचा मुर्तदा फॉल होता, नंतर स्पेनचा तिरी आला. भारतीय मुलाच्या वाट्याला राहते ती फुलबॅकची जागा, म्हणजे रेषेलगतची धावपळ.

मर्यादा आणखी कमी करा म्हणणाऱ्यांचं म्हणणं साधं आहे. जागाच नाही तर शिकणार कुठे? राष्ट्रीय संघाला वर्षानुवर्षं संदेश झिंगनवर विसंबावं लागलं, त्याचं कारण ते इथेच शोधतात. विरुद्ध बाजूचे म्हणतात की फॉलशेजारी एक हंगाम खेळलेला मुलगा चार प्रशिक्षण शिबिरांतून शिकणार नाही इतकं शिकतो. स्टॉपरची अर्धी विद्या बोलण्यात असते. कधी पुढे सरकायचं, कधी लाइन धरायची, कुणाला हाक मारायची, हे शेजारच्याकडूनच उचललं जातं. दोन्ही बाजूंना आपापली उदाहरणं आहेत. मर्यादा चारावर आल्यावर मेहताबसिंगसारखे भारतीय स्टॉपर मुंबई सिटीत नियमित खेळले, याचा आधार पहिली बाजू घेते. तो शिकला तो परदेशी स्टॉपरच्या शेजारी खेळूनच, असं दुसरी म्हणते.

माझा कल थोडा पहिल्या बाजूकडे आहे. पण मर्यादा उतरवल्याने स्टॉपर आपोआप तयार होतील असं मानणंही भाबडं.

डोकं आणि हृदय

मुंबईत खेळाडूच्या शरीराला असलेल्या धोक्यावर सगळ्यात कमी बोललं जातं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त बोलायला हवं ते यावरच.

१३ मार्च २०२१. गोव्यात फातोर्डाला आयएसएलची अंतिम लढत, मुंबई सिटी विरुद्ध एटीके मोहन बागान. मुंबईचा राइट बॅक अमेय रानवडे, आपल्याच शहरातला मराठी मुलगा. मध्यंतराच्या सुमारास प्रतिस्पर्ध्याशी धडक होऊन तो कोसळला आणि रुग्णवाहिकेतून थेट इस्पितळात गेला. मुंबई सिटीने नव्वदाव्या मिनिटाच्या गोलवर पहिल्यांदा कप जिंकला, तेव्हा रानवडे मैदानात नव्हता. सुदैवाने तो बरा झाला आणि नंतरही खेळत राहिला.

अशा धडका दिसतात, म्हणून त्यांची बातमी होते. रोजच्या सरावात डोक्याने मारलेल्या चेंडूंची होत नाही. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो विद्यापीठाने सात हजारांवर माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या. २०१९ मध्ये निष्कर्ष आला, की मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण त्यांच्यात सामान्य लोकांच्या साडेतीनपट आहे. २०२१ मध्ये तेच आकडे जागेनुसार लावून पाहिले. गोलकीपरचा धोका सर्वसामान्यांहून फारसा वेगळा निघाला नाही. सगळ्यात जास्त निघाला बचावपटूंचा, सुमारे पाचपट. अमेरिकेने २०१५ पासूनच दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंगची मनाई केली आहे, इंग्लंडनेही लहान वयोगटात ते कमी करत आणलं.

यावर शंका घेणारे डॉक्टरही आहेत आणि त्यांचं ऐकायला हवं. स्कॉटलंडमधले ते खेळाडू जुन्या पिढीचे. त्यांच्या काळी चामड्याचा चेंडू पावसात भिजून जड होई, आजचा होत नाही. त्यामुळे आजच्या बॅकला नेमका किती धोका, हे त्या आकड्यांवरून थेट काढता येत नाही. ते खरं आहे. पण परळ-दादरच्या मैदानांवर कोचिंगला येणाऱ्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांना अजूनही सलग वीस-वीस हेडर मारायला लावलं जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यासाठी कुठल्या अहवालाची वाट बघायची?

हृदयाची गोष्ट अन्वर अलीची. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताचा स्टॉपर. २०१९ मध्ये मुंबई सिटीकडे असताना तपासणीत त्याच्या हृदयाच्या स्नायूचा जन्मजात विकार आढळला. वय एकोणीस. भारतीय फुटबॉल महासंघाने त्याला खेळण्यापासून दूर राहायला सांगितलं, तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला, शेवटी वैद्यकीय समितीने मुभा दिली. तो परतला आणि भारताचा पहिल्या पसंतीचा स्टॉपर झाला. २०२४ मध्ये मोहन बागान सोडून ईस्ट बंगालला गेला तेव्हा महासंघाच्या समितीने चार महिन्यांची बंदी आणि १२ कोटी ९० लाखांची भरपाई ठोठावली. तेही प्रकरण न्यायालयात गेलं आणि तो खेळत राहिला. धोका पत्करायचा हक्क खेळाडूचा की नकार द्यायचा हक्क संघटनेचा, हा प्रश्न तिथे उभा राहिला आणि एका खेळाडूपुरता सुटला. पुढच्या मुलासाठी तो जसाच्या तसा शिल्लक आहे.

मैदान आणि शाळा

संशयी लोकांचं मत वेगळंच आहे. ते म्हणतात, करार, परदेशी, मेंदू या सगळ्या नंतरच्या गोष्टी. आधी मुलगा खेळणार कुठे? दक्षिण-मध्य मुंबईत फुटबॉलची पूर्ण मापाची मैदानं बोटांवर मोजावीत: कूपरेज, परळचं सेंट झेवियर्स, रेल्वेची काही. शिवाजी पार्क आहे, पण तिथे क्रिकेटच्या नेटमधून चेंडू बाहेर काढायला जागा शोधावी लागते. शाळांचंही तसंच. माटुंग्याच्या डॉन बॉस्कोत किंवा दादरच्या अँटोनिओ डा सिल्व्हात फुटबॉल वर्षानुवर्षं आहे. मराठी शाळांच्या वाट्याला कबड्डी-खो-खो आणि लेझीम आलं, आणि ज्याला हौस त्याला शारदाश्रमचं क्रिकेट.

छोट्या टर्फवर पाच-पाच जणांचा खेळ फोफावला आहे. तो पायांना चलाख करतो हे खरं. पण स्टॉपरला शिकायचं असतं अंतर, पाठीमागच्या तीस मीटर रिकाम्या जागेची भीती. ती जाळी लावलेल्या टर्फवर शिकता येत नाही. शिवाय गल्लीत बॅकला उभा कोण राहतो? अंगाने मोठा, किंवा ज्याला कुणी पास देत नाही तो. ही जागा मनापासून निवडणारा मुलगा विरळा. भारतातले कित्येक चांगले बॅक आधी दुसऱ्या जागी खेळून मागे आले, याचं कारण इथेच असावं.

सध्या

जुलै २०२५ मध्ये आयएसएलचं पुढचं वर्षच टांगणीला लागलं. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपणार होता आणि नूतनीकरण झालं नव्हतं. ऑगस्टमध्ये बेंगळुरूने पहिल्या संघाच्या खेळाडूंचे आणि प्रशिक्षकवर्गाचे पगार बेमुदत थांबवले. भेके तेव्हा तिथेच होता, चौतिशीत, भारतासाठी खेळलेला. याच संघाला त्याने सहा वर्षांपूर्वी कप मिळवून दिला होता. २०१९ मध्ये मुंबई सिटीत ६५ टक्के हिस्सा घेणाऱ्या सिटी फुटबॉल ग्रुपने वर्ष संपता संपता अंग काढून घेतलं. २०२६ च्या फेब्रुवारीत लीग छोट्या स्वरूपात सुरू झाली.

त्या सहा-सात महिन्यांत ऑफिस-संघांची बाजू घेणाऱ्यांना पुन्हा जोर चढला. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वे आणि पोलिसांचे संघ टिकून आहेत, तेव्हा मुलाने आधी ती नोकरी धरावी, असं ते म्हणतात. कराराच्या बाजूचे विचारतात, रेल्वेच्या संघातून अलीकडे भारताला किती बॅक मिळाले? याला पहिल्यांकडे उत्तर नाही, आणि पगार थांबला तर काय, याला दुसऱ्यांकडे नाही. खेळत असतानाच पदवी, कोचिंगचं लायसन्स, करारात दुखापतीचं कलम आणि विमा, असा मधला मार्ग काही जण सुचवतात. मला तो सगळ्यात शहाणा वाटतो. मात्र तो कुणी राबवायचा यावर एकमत नाही. क्लब म्हणतात खेळाडूने, खेळाडू म्हणतात संघटनेने.

ही सगळी चर्चा आजवर आठवणींच्या जोरावर चालत आली आहे. कॅल्टेक्स, मफतलाल, टाटा, महिंद्र, एअर इंडियाकडून बॅकला खेळलेली माणसं अजून दादर, परळ, माटुंगा, गिरगावात राहतात. त्यांच्या कपाटांत नेमणुकीची पत्रं आहेत, पगाराच्या चिठ्ठ्या आहेत, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे कागद आहेत. तुमच्या चाळीत, सोसायटीत असे कुणी काका असतील तर एका रविवारी त्यांच्याकडे वही घेऊन बसा. कोणत्या साली लागले, किती वर्षं खेळले, कशामुळे थांबले, आणि थांबल्यावर पगार चालू राहिला का, एवढे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं तारखेसकट उतरवून ठेवा.